व्हिएतनाम: हनोई ते हो ची मिन्ह सिटी, पाठीवरची सॅक आणि बस

प्रश्न:
मी नोव्हेंबरमध्ये तीन आठवडे एकटी व्हिएतनामला जात असून हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंतचा सुमारे १७०० किलोमीटरचा प्रवास पर्यटक बसने टप्प्याटप्प्याने करण्याचा विचार आहे. सगळ्या मार्गाचे तिकीट एकदम काढावे का?

प्रतिसाद १:
काढू नये, असे आग्रहाने सांगते. कारण त्या दिवसांत ह्युए आणि होई आन या पट्ट्यात मुसळधार पाऊस असतो, कधी पूरही येतो आणि पुढचे टप्पे बदलावे लागतात. स्लीपर बसमध्ये चढतानाच चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्या लागतात. सॅक खाली डिकीत जाते, म्हणून पासपोर्ट आणि पैसे अंगावरच ठेवावेत.

प्रतिसाद २:
सहमत. मात्र ह्युए ते दा नांग हा टप्पा रेल्वेनेच करावा, कारण बस सहसा २००५ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून जाते आणि हाय व्हान घाट दिसतच नाही, तर आगगाडी समुद्राच्या अगदी कडेने वळणे घेत जाते. डावीकडची खिडकी मागून घ्यावी.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आता ह्युएपर्यंतचेच तिकीट काढते.