विकिपीडियावरचा ‘कौल’

पर्वरीकर :
मराठी विकिपीडियावर गोव्यातल्या देवळांबद्दल अधूनमधून लिहितो. तिथे सगळ्यांनी मिळून काही ठरवायचं असलं, म्हणजे एखाद्या सदस्याला जादा अधिकार देऊन प्रचालक करायचं का वगैरे, की ‘कौल’ मांडतात. खाली लोक पाठिंबा किंवा विरोध लिहून सही करतात. परवा घरी सहज म्हटलं, “आज कौल लावलाय.” आईनं विचारलं, “खंयच्या देवाक?” (कुठल्या देवाला?) हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. हा शब्द तिथे बसतो का?

डिचोलीची :
आईचा प्रश्न रास्त आहे. कौल मूळचा अरबी, अर्थ वचन, दिलेला शब्द. जुन्या कागदांत रयतेला दिलेले कौल सापडतात : पडीक जमीन लावा, सारा सवलतीनं घेऊ. कौलनामा तो हाच. कौल देणारा वरचा, घेणारा खालचा. शब्द देवळात गेला तरी ही उतरंड तशीच राहिली.

मावशीच्या लग्नाचा कौल मी लहानपणी पाहिलाय. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि गर्भकुडीबाहेर आम्ही सगळे चिडीचूप. वाऱ्यानं पाकळी पडू नये म्हणून पंखासुद्धा बंद केला होता. उजवी पडली, म्हणजे होकार. स्थळ मावशीला पसंत आहे का, हे कुणी विचारलंच नाही. पाकळी कारण सांगत नाही, हीच तिची सोय. ज्ञानकोश लिहिणाऱ्यांना मात्र कारणच हवं.

मडगावकर :
एवढं लांब कशाला जायचं? गोव्यात कौल म्हटलं की जनमत कौल, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळ्या संघप्रदेशाला (केंद्रशासित) दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विषय संपला. (आमच्या घरात नाही संपला. आजोबा आणि त्यांचे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.) आज कौल म्हणजे मतमोजणी. चालू अर्थ धरा आणि पुढे चला.

पर्वरीकर :
गोची तिथेच आहे, मडगावकर. विकिपीडियावर निर्णय मतं मोजून करायचा नसतो, सहमती बघायची असते. दहा जणांनी नुसतं ‘पाठिंबा’ लिहिलं आणि एकानं संदर्भ देऊन खोट दाखवली, तर वजन त्या एकाचं. नवीन माणूस ‘कौल’ वाचतो, मित्रांना गोळा करतो, आणि निकाल उलटा गेला की भांडतो, “आम्ही जास्त होतो ना?” मीही सुरुवातीला चुलतभावाला खातं उघडायला लावलं होतं. त्यानं सही केली ती चुकीच्या प्रस्तावाखाली, ते सोडा.

फोंड्याचा :
छापील कोशाला ही कटकट नव्हती. कोंकणी विश्वकोशाचे चार खंड गोवा विद्यापीठानं काढले, २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुलेही केले. तिथे वाद पडला तर संपादक बसलेले. इथे शेवटचा शब्द कुणाचाच नाही. सरळ ‘सहमती’ लिहा.

डिचोलीची :
सहमती हे निकालाचं नाव झालं. आधी जे करायचं त्याला काय म्हणणार? सहमती ‘लावता’ येत नाही, ‘मागवता’ येत नाही. मराठी विकिपीडियानं सामायिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हे फक्कड नाव दिलंय. चावडीवाचनात काय होतं? नोंदी सगळ्यांसमोर वाचायच्या आणि हरकती घ्यायच्या. मग ‘हरकती मागवल्या’ म्हणा की. ‘विरोध’ एका शब्दात उरकतो. ‘हरकत’ म्हटलं की पुढचा लगेच विचारतो, कसली?

काणकोणची :
चावडीवर या म्हणालात तर आमच्याकडची माणसं बस धरतील. काणकोणच्या बाजाराचं नावच चावडी. बाकी ‘हरकती’ला माझी हरकत नाही.

मडगावकर :
आणि हरकत एकही आली नाही तर?

डिचोलीची :
तर काम पुढे. तहसीलदारही तेच करतो.

पर्वरीकर :
देवळांच्या नावांच्या शुद्धलेखनाचा प्रस्ताव पडून आहे. त्यावर ‘हरकती’ असा मथळा टाकून बघतो. प्रचालक निवडताना मात्र ‘कौल’च राहू दे. काही म्हणा, तिथे लोक मोजतातच.