सल्ला हवा: हाताने घडवलेलं लाकडी/बांबूचं धनुष्य, पहिलंच

फोडवाली_बोटं:
नमस्कार मंडळी. वर्षभर सरावाच्या रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ओढायला २४ पाउंडांचा जोर) नेम मारतेय. आता स्वतःचं घ्यायचंय, पण फायबरग्लास नको. नुसतं लाकूड किंवा बांबू, हाताने तासलेलं. माझा ड्रॉ, म्हणजे दोरी मागे ओढायची लांबी, साडेपंचवीस इंच, अंतर १५-२० मीटर. शिकार वगैरे नाही, निवांत बाण मारायचे. बजेट शिकाऊ रिकर्व्हएवढंच, वर एक छदाम नाही.

शिंगवाला:
एकदाच घ्या, पण शिंगाचं घ्या. पोटाला (ओढणाऱ्याकडची बाजू) म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, पाठीला (समोरची बाजू) स्नायूचे धागे, सगळं सरसाने चिकटवलेलं. माझ्या कारागिराने वर्षाच्या वर वेळ घेतला. दोरी काढली की उलटं वळून टोकं जवळ येतात, बघणारे गार पडतात. बजेटचं काय, होतं नंतर.

सादळलेला:
दमट हवेत काय करता तेही सांगा की शिंगवाले. सरस ओल धरतो, धनुष्य मऊ पडतं. माझ्याकडचं पेटीत उबेला ठेवावं लागतं, घरचे म्हणतात बाळंतिणीची खोली केलीस.

कोदंड_कोविद:
विष्णूच्या धनुष्याचं नाव 'शार्ङ्ग', हा शब्दच शृंगावरून, म्हणजे शिंगाचं. कौटिल्याने ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चारही प्रकारची धनुष्यं नोंदवली आहेत. त्यामुळे 'बांबू म्हणजे गरिबाचं' असं समजू नये.

शिंगवाला:
मी कुठे म्हणालो तसं?

यू_शिवाय_नाही:
यू या युरोपातल्या झाडाचं लाकूड सोडून बाकी सगळं सरपण. पांढरं बाहेरचं लाकूड पाठीला ताण घेतं, आतलं लालसर पोटाला दाब घेतं, निसर्गानेच दोन थर दिलेत. इंग्लंडचं मेरी रोझ हे लढाऊ जहाज १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं, तर आतली यूची धनुष्यं शाबूत!

सादळलेला:
आणि ती ओढायला शंभर पाउंडांच्या पुढे लागायचे. ताई निवांत मारायचे म्हणतेय, लढाईला नाही चालली.

कपाळावर_टाके:
फक्त एकच सांगतो. रिकामी दोरी सोडू नका, आणि कुणाला सोडू देऊ नका. पाहुण्याने 'बघू जरा' म्हणून बाणाशिवाय ओढून सोडली. बाणात जायची ताकद लाकडातच परतली, वरचं लिंब (मुठीच्या वरचा वाकणारा भाग) दोरीच्या खाचेखालून फुटलं आणि तुकडा माझ्या भुवईत. पाहुणा म्हणे, 'कच्चंच होतं.'

टिलर_बघा:
आधी लाकडाची जात सोडा, टिलर बघा, म्हणजे दोन्ही लिंबं सारखी वाकतात का ते. दोरी चढवून मागून डोळा लावा: दोरी मुठीच्या मधोमध जायला हवी, नाहीतर लिंब पिळलंय. मग कुणाला तरी हळूहळू ओढायला लावा. एखाद्या ठिकाणी बिजागरीसारखं मोडल्यागत वाकत असेल तर फुकट दिलं तरी नको. लाकडी असेल तर पाठीवर एकच वर्षकडं (लाकडाच्या एका वर्षाच्या वाढीचा थर) टोकापासून टोकापर्यंत सलग हवं. बांबूची सालच पाठ असते, ती तासलेली नसावी.
आणि आकडा फसवतो. २८ इंचांवर ३० पाउंड लिहिलेलं तुमच्या हातात २४-२५ च भरेल. दोरी डेक्रॉनची, म्हणजे जराशी ताणणाऱ्या धाग्याची, लावा. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या लाकडी खाचा कापतात.

हौशी_अर्जुन:
फायबरग्लासचं लॅमिनेटेड (थर चिकटवलेलं) घ्या, कटकट नाही.

फोडवाली_बोटं:
पहिल्याच ओळींत लिहिलंय हो, नको म्हणून.

हौशी_अर्जुन:
तेच सांगतोय, तुमचा विचार चुकतोय.

दोरी_उतरवा:
कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते, रिकामी दोरी सोडू नका. आणि मारून झालं की दोरी उतरवून ठेवा.

कपाळावर_टाके:
सांगितलं होतं. टाक्यांसकट.

फोडवाली_बोटं:
घेतलं! जुनं, वापरलेलं, बांबूचं. दोरी काढल्यावरही दोनेक इंच वाकलेलंच राहतं.

टिलर_बघा:
अहो, म्हणजे दमलंय ते. बाण हळू जाणार. परत करा.

फोडवाली_बोटं:
हळू जातोय, मान्य. पण दोन्ही लिंबं सारखी वाकतात, तुम्ही सांगितलं तसं मागून डोळा लावून पाहिलं. हाताला झटका अजिबात नाही, माझ्या ड्रॉला २२ पाउंड भरतं. आणि बजेटमध्ये बसलं, कुणाला आठवत असेल तर. मुठीवरची सुतळी बोटांनी घासून चपटी झालीय. बाण घासून पडलेली रेघ मात्र उजव्या अंगाला, म्हणजे आधीचा मालक डावखुरा असणार.

शिंगवाला:
डावखुराच कशावरून? अंगठ्याने ओढणारा उजवाही बाण उजवीकडेच ठेवतो. अंगठी दिली का सोबत?

फोडवाली_बोटं:
एक शिंगाचं कडं होतं पिशवीत. मी किल्ल्यांना लावलं.