सार्वजनिक बागेत मेटल डिटेक्टर: सरसकट बंदी हवी की परवाना?

काठावरचा
नमस्कार मंडळी. दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान गावात नऊ वर्षं राहतोय. चार वर्षांपासून मेटल डिटेक्टरचा नाद लागलाय. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी काढून रविवारी त्याच्या नांगरटीत फिरतो.

यंदा मार्चमध्ये शेजारच्या आजींची लग्नाची अंगठी गावच्या बागेत पडली. नातवाकडे बॉल फेकताना बोटातून सटकली. थंडीने बोटं आक्रसतात, त्यात वयाने हात वाळलेले. दोन दिवस त्या गुडघ्यावर बसून गवत चाचपत होत्या. तिसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन गेलो. दहा-बारा पावलं चाललो असेन, तोच बागेचा कर्मचारी आला आणि म्हणाला, इथे डिटेक्टर चालत नाही. म्हटलं, खणणार नाहीये, फक्त गवतात बघतोय. तरी बंद करायला लावलं. केलं बंद. रीतसर अर्ज दिला. सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: धोरणानुसार परवानगी देता येत नाही. तोवर गवत कापायचं यंत्र तिथून किती वेळा फिरलं असेल!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सार्वजनिक बागांत सरसकट बंदी नको, परवाना द्या. खोलीची मर्यादा घाला, जागा आखून द्या, सापडलेलं दाखवायला लावा. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कितीतरी बागा भाजीपाल्यासाठी खणल्या गेल्या. त्या मातीत जपण्यासारखं काय उरलंय? आणि २००९ साली स्टॅफर्डशायरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा टेरी हर्बर्ट या हौशी डिटेक्टरवाल्यानेच शोधला. ३२ लाख ८५ हजार पौंडांचं मोल ठरलं, आज तो संग्रहालयात आहे. आम्ही चोर नाही.

मृद्गंधा
आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. मी डेक्कन कॉलेजात शिकले आणि आता उत्खननांवरच काम करते.

वस्तू सापडणं म्हणजे इतिहास सापडणं नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या (तांबं आणि दगड दोन्ही वापरात होते त्या काळातल्या) घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. तेच रांजण कुणी उकरून काढून घरी नेले असते तर आपल्या हाती दोन मडकी राहिली असती. आईबापांनी लेकराला राहत्या घरातच ठेवलं, हे कधीच कळलं नसतं. ते ज्ञान रांजणात नव्हतं. रांजण कुठल्या थरात, कशाखाली, कशाशेजारी होते त्यात होतं.

‘बागेतली माती उलटीपालटी झालीच आहे’ हे तुम्ही गृहीत धरलंय, तपासलेलं नाही. इंग्लंडमध्ये अशा बागा आहेत जिथे मध्ययुगीन शेताचे वरंबे अजून गवताखाली उठून दिसतात, म्हणजे तिथे शेकडो वर्षांत नांगर फिरलेला नाही. नांगरलेल्या शेतापेक्षा अशी हिरवळ कितीतरी नाजूक.

हडसनकाठ
काठावरचा, तुमच्याशी सहमत. मी अमेरिकेत राहतो. इथे राष्ट्रीय उद्यानात तर डिटेक्टर नुसता हातात असणंही गुन्हा. गाडीतून न्यायचा तर सुटा करून, वापरता येणार नाही असा बांधून न्यावा लागतो. १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याने सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना वेगळं संरक्षण आहे. हे मला पटतं.

पण आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बागांसाठी वर्षाचा परवाना मिळतो. खेळाच्या मैदानात मनाई, खुरपं ठरावीक लांबीचंच, खड्डा होता तसा बुजवायचा, परवाना गळ्यात. मी दरवेळी पिशवीभर बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या कड्या, गंजके खिळे काढून कचऱ्यात टाकतो. माणसाला सांगितलं की तो वागतो. सरसकट बंदीने प्रामाणिक माणूस घरी बसतो आणि रात्री टॉर्च घेऊन येणारा येतच राहतो.

बागवान_नाशिक
मी उद्यान खात्यात एकतीस वर्षं काढली. तुमचं सगळं बोलणं जमिनीखालचं चाललंय, जरा वरचंही बघा.

तुम्ही लोक हिरवळ तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटता, वस्तू काढता, झाकण परत बसवता. पावसाळ्यात चालतं. उन्हाळ्यात खालची मुळं तुटलेली असतात, आठ दिवसांत तो तुकडा तांबूस होतो आणि कडांनी उचलला जातो. त्यात पोराचा पाय अडकला तर घोटा गेला. खाली पाण्याच्या नळ्या असतात, दिव्यांच्या वायरी असतात. त्यांचा नकाशा निम्म्या वेळा आमच्याकडेही नसायचा.

आणि हडसनकाठ, तुम्हीच कड्यांचा विषय काढलात म्हणून विचारतो. सोन्याची अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची कडी यंत्राला वेगळी कळते का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. म्हणजे एका अंगठीसाठी तुम्ही शंभर कड्या खणणार. शंभर भोकं!

काठावरचा
बागवानकाका, हे खरं आहे. अंगठी आणि कडी यांचा आकडा स्क्रीनवर जवळपास एकच येतो. बागेत खणायचं तर भोकं पडणार, हे मान्य.

पण आजींची अंगठी खणायची नव्हतीच! तीन दिवसांपूर्वी पडलेली वस्तू गवताच्या बुडाशी असते. यंत्राने जागा दाखवायची, बोटांनी गवत फाकायचं, बस. हीसुद्धा मुभा नसेल तर नियम कुणासाठी आहे?

मृद्गंधाताई, थरांचं पटलं. पण इथे लाखो वस्तूंच्या नोंदी हौशी लोकांमुळेच झाल्या आहेत. १९९७ पासून ब्रिटिश म्युझियमच्या नोंद योजनेखाली जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी आहेत. आम्ही वस्तू आणि नेमकी जागा त्यांना दाखवतो. मी स्वतः एकवीस वस्तू दाखवल्या. त्यात एक चेपलेलं शिशाचं वजन होतं, माझ्या लेखी भंगार. तिथल्या अधिकारी बाईंनी ते भिंगाखाली धरून दहा मिनिटं न्याहाळलं.

गडवाट
मी रायगड जिल्ह्यातला. इंग्लंडात काय करायचं ते करा, पण हा धागा इथली पोरंही वाचतात म्हणून लिहितोय.

पहिल्या पावसात माती वाहिली की गडांवर शिवराई दिसते. तांब्याचं नाणं, हिरवं पडलेलं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’. पूर्वी गुराखी पोरं ती उचलायची. आता लोक ऑनलाइन मागवलेली यंत्रं घेऊन येतात आणि सदरेच्या जोत्याशेजारी खड्डे करतात. असे खड्डे मी स्वतः माती लोटून बुजवलेत. एका सिनेमात खजिन्याचा उल्लेख आला, तर मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन लोक शेतं उकरत होते. जुलैत आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारशात गेले. आता तर एक ढेकूळही हलता कामा नये.

कायदाही जाणून घ्या. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणं हा वेगळा गुन्हा.

परवाना म्हटलं की इथे त्याचा धंदा होईल. म्हणून माझं मत: बंदी, आणि तीही कडक.

वकिलीण
काठावरचा, तुमच्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये निकालच आहे. १९९२ साली सरेमधल्या फार्नहॅम पार्क या सार्वजनिक बागेत फ्लेचर नावाच्या गृहस्थांना डिटेक्टरने नऊ इंच खोल मध्ययुगीन सोन्याचं ब्रोच सापडलं. खालच्या कोर्टात ते जिंकले. १९९५ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. जमिनीच्या आत रुतलेली वस्तू जमीनमालकाची, म्हणजे वेव्हर्ली बरो काउन्सिलची (तिथल्या स्थानिक पालिकेची). लोकांना बागेत येण्याचा हक्क आहे तो विरंगुळ्यासाठी. त्यात जमीन खणणं बसत नाही. खणायला लागलात की तुम्ही अतिक्रमण करताय.

जमिनीवर पडलेल्या वस्तूचं वेगळं. १९८२ च्या पार्कर खटल्यात हीथ्रो विमानतळाच्या लाउंजमध्ये सापडलेलं सोन्याचं कडं, मूळ मालक न आल्याने, सापडणाऱ्यालाच मिळालं होतं. आणि तुमच्या आजींच्या बाबतीत तर मालक समोर उभी आहे. अंगठी आजही त्यांचीच.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच अर्जात घातल्यात का?

काठावरचा
हो. अर्जात अंगठीही लिहिली आणि ‘बागेत नियमित डिटेक्टिंगची परवानगी मिळावी’ हेही लिहिलं. दोन्ही एकदम नाकारलं गेलं. हे लक्षातच आलं नाही.

मृद्गंधा
तिथेच गोची झाली. हरवलेली वस्तू शोधण्याला माझा विरोध नाही. कर्मचारी शेजारी उभा, खणणं नाही, तासाभराचं काम. ही सोय प्रत्येक बागेच्या नियमात असायला हवी आणि उत्तर दोन दिवसांत मिळायला हवं. सहा आठवडे ताटकळत ठेवणं ही त्या काउन्सिलची चूकच.

नियमित परवान्यावर मात्र मी हटणार नाही. तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून सगळे तसे होत नाहीत. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लेमस्टरजवळ दोघा डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. कायद्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं. त्यांनी नाणी परस्पर विकायला काढली. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी तेव्हा एकतीसच हाती लागली. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा चेओलवुल्फ हे दोन राजे शेजारी बसलेले दाखवणारी नाणी त्यात आहेत, म्हणजे त्या दोघांच्या नात्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. उरलेल्या नाण्यांत काय होतं? २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले, पण बहुतेक नाणी आली नाहीत.

हडसनकाठ
त्या दोघांकडे परवाना नव्हता, ताई. कायदा होताच, तरी चोरी झाली. त्यासाठी काठावरचा यांना बागेबाहेर ठेवून काय मिळवलं?

मृद्गंधा
बागेतली जमीन मिळवली. एवढं मला पुरेसं आहे. आणि काठावरचा, तुमच्या बागेची माती खरंच खणलेली आहे का ते कागदावर दाखवा. काउंटीच्या वारसा नोंदी असतात, ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे असतात. तिथे युद्धकाळातले भाजीचे वाफे दिसले तर तेवढ्या तुकड्यापुरतं मी ऐकून घेईन.

काठावरचा
काल संध्याकाळी १८९० च्या दशकातला नकाशा काढून बघितला. बागेच्या पूर्वेकडे तेव्हाही मोकळं कुरणच, बांध नाही की वाट नाही. पश्चिमेकडे, जिथे आता गाड्या लागतात, तिथे वीटभट्टी होती. म्हणजे मी ज्या भागासाठी परवाना मागत होतो तो पूर्वेकडचाच, आणि तो खणल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. ती मागणी मागे घेतो. पश्चिमेच्या तुकड्याबद्दल मात्र भांडणार, वारसा नोंदी बघून झाल्यावर.

अंगठीचा अर्ज वेगळा लिहिला. जागा अठरा बाय वीस पावलं, खुरपं नाही, कर्मचारी सोबत, सकाळी आठ ते नऊ. आजींची सही घेऊन सोमवारी देतोय.

बागवान_नाशिक
गवत कापण्याआधीचा दिवस मागू नका, कापल्यानंतरचा मागा. बुटक्या गवतात बोटांना लवकर लागेल. आणि कापणीयंत्राच्या पात्याखालची वाळलेल्या गवताची पेंड एकदा चाळून बघायला सांगा. आमच्याकडे एका बाईंचं मंगळसूत्र तिथेच मिळालं होतं.