शब्दचर्चा : ‘कुस्ती’ या शब्दातला कमरपट्टा

प्रश्न

जपानमधील सुमो, तुर्कस्तानात अंगाला तेल लावून होणारी कुस्ती आणि मंगोलियातील नादाम उत्सवातील झुंजी यांच्यावर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. मसुदा वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आक्षेप घेतला, की ‘कुस्ती’ हा शब्द फारसीतील ‘कुश्तन’, म्हणजे ठार मारणे, या क्रियापदावरून आलेला असल्याने तो खेळाला शोभत नाही, तेव्हा सगळीकडे ‘मल्लयुद्ध’ असेच लिहावे. ही व्युत्पत्ती बरोबर आहे काय? तसेच ‘चीतपट’ आणि ‘फ्रीस्टाइल’ हे शब्द परदेशी प्रकारांविषयी लिहिताना वापरावेत काय?

उत्तर

‘कुश्तन’पासून ‘कुस्ती’ ही व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर उभी आहे आणि ती सोडून द्यावी. फारसी ‘कुश्ती’ या शब्दाचे मूळ पहलवी (मध्य फारसी) भाषेतील ‘कुस्तीग’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ कमरेला बांधायचा पट्टा असा आहे. ‘कुस्त’ म्हणजे बाजू, कूस. त्या भागाभोवती बांधायचा तो ‘कुस्तीग’. फारसीत झुंज खेळण्याला ‘कुश्ती गिरिफ्तन’ म्हणतात आणि ‘गिरिफ्तन’ म्हणजे धरणे. म्हणजे आपण ज्याला कुस्ती धरणे म्हणतो, ते शब्दशः एकमेकांचा कमरपट्टा धरणे होते.

हाच मूळ शब्द दुसऱ्या वाटेनेही आपल्या शेजारी आलेला आहे. पारशी समाजात नवजोतच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, विधीपासून सदऱ्यावरून कमरेभोवती जी पवित्र दोरी तीन वेढे देऊन बांधतात, तिला ‘कुस्ती’च म्हणतात. ती लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली असते आणि हा आकडा यस्न या पारशी धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांशी जोडला जातो. मुंबईतील पारशी घरात रोज सोडून पुन्हा बांधली जाणारी कुस्ती आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लागणारी कुस्ती हे दोन शब्द योगायोगाने सारखे झालेले नाहीत; ते एकाच पट्ट्याची दोन टोके आहेत.

हा पट्टा जगाच्या कुस्तीत किती जुना आहे, हे पाहिले म्हणजे शब्दाची योग्यता अधिक पटते. इराकमधील खफाजा येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे २६०० वर्षांच्या आसपासच्या एका धातूच्या मूर्तीत दोन गडी एकमेकांना भिडलेले आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक भांडे आहे, आणि दोघांचे हात प्रतिस्पर्ध्याच्या कमरपट्ट्यावर आहेत. इजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यांच्या भिंतींवर, इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांच्या काळात, कुस्तीच्या शेकडो जोड्या ओळीने रंगवलेल्या आहेत. तेथील मल्लांच्या अंगावर कमरेच्या पट्ट्याखेरीज जवळजवळ काही नाही.

आजही जगातील बहुसंख्य देशी प्रकार पकडीच्या वस्त्रावरूनच ओळखले जातात. आइसलंडच्या ग्लिमामध्ये कमरेला आणि मांड्यांना चामडी पट्टे असतात. कोरियाच्या ‘शिरुम’मध्ये कमर आणि मांडी यांना वेढणारा कापडी ‘सात्बा’ असतो आणि तो पकडूनच झुंज सुरू होते. हाच खेळ उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त नावाने २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेला. तातार लोकांच्या ‘क्यूरेश’मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती कापडी पट्टा टाकून त्याला उचलतात, आणि साबांतुय या उत्सवात विजेत्याला मेंढा बक्षीस मिळतो. स्वित्झर्लंडच्या ‘श्विंगेन’मध्ये नेहमीच्या कपड्यांवर तागाची आखूड चड्डी घालतात, तीच धरून लाकडाच्या भुश्यावर झुंजतात, आणि कुस्ती संपल्यावर जिंकलेला गडी हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हाताने झटकतो. आपल्याकडे कुस्ती सुटल्यावर दोन्ही गडी एकमेकांना मिठी मारतात, त्याच संस्कृतीतली ही गोष्ट मला वाटते.

सुमोमध्ये ‘मावाशी’ या जाड कमरपट्ट्यावर पकड मिळवण्यासाठी सारी धडपड असते. पण शब्दचर्चेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा शब्द ‘योकोझुना’ हा आहे. सुमोतील हा सर्वोच्च दर्जा, आणि त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘आडवी दोरी’: त्या मल्लाने समारंभात कमरेभोवती बांधायचा पांढरा जाड दोर. तुर्कस्तानात एदिर्ने येथील किर्कपिनार ही तेलकुस्तीची स्पर्धा सलग तीन वर्षे जिंकणाऱ्या ‘बाशपेहलिवान’ला, म्हणजे मुख्य पैलवानाला, सोन्याचा पट्टा कायमचा मिळतो. झुंजीचे साधन असलेला पट्टा असा मानाची खूण झाला. ज्या भाषेने या खेळाला पट्ट्याचे नाव दिले, तिने खेळाचा गाभा ओळखला होता असेच मी म्हणेन.

‘मल्लयुद्ध’ हा शब्द सुंदर आहे आणि त्याची जागा निश्चित आहे. कृष्ण आणि चाणूर, भीम आणि जरासंध यांच्या झुंजींना मल्लयुद्ध म्हणावे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे, त्याविषयी लिहितानाही ‘मल्ल’ हाच शब्द हवा. मात्र हत्येचा वास नको म्हणून कुस्तीऐवजी मल्लयुद्ध घ्यावे, हे कारण टिकत नाही. कारण चाणूर आणि जरासंध या दोघांच्याही मल्लयुद्धाचा शेवट मृत्यूनेच झाला आहे. ‘युद्ध’ हा शब्द तेथे अर्थासकट आला आहे. जिंकलेल्याने हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा झटकावा अशा खेळाला ‘कुस्ती’ हेच नाव अधिक जवळचे आहे.

शंका

व्युत्पत्ती पटली. पण हिंदीत ‘कुश्ती’ आणि मराठीत ‘कुस्ती’ असा फरक का? मराठीतला ‘स’ पहलवी रूपाशी जुळतो, तेव्हा शब्द आपल्याकडे पारशी लोकांकडून आला असे मानावे काय?

शंकेचे उत्तर

तसे मानू नये. फारसीतील ‘श्त’ मराठीत येताना ‘स्त’ होतो, ही आपल्या भाषेची नेहमीची रीत आहे. ‘गश्त’चे आपण ‘गस्त’ केले, ‘गुमाश्ता’चे ‘गुमास्ता’ केले, ‘सरिश्ता’चे ‘शिरस्ता’ झाले. त्याच रीतीने ‘कुश्ती’ची ‘कुस्ती’ झाली. पहलवी रूपाशी ते पुन्हा जुळले, हे मराठी जिभेचे काम आहे. म्हणूनच मराठी मजकुरात ‘कुश्ती’ असे लिहिण्याचे कारण नाही. अलीकडे काही मराठी बातम्यांत दिसणारे ते रूप हिंदीच्या प्रभावाचे आहे आणि ते टाळावे.

आता ‘चीतपट’विषयी. हा शब्द जपून वापरावा, कारण त्यात हार कशी झाली याचे वर्णन आहे. आपल्या मातीत पाठ जमिनीला लागली, तोंड आभाळाकडे झाले, की गडी चीत झाला. ‘अस्मान दाखवणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. तुर्की तेलकुस्तीत हेच तत्त्व आहे आणि तेथे हरलेल्याविषयी ‘त्याच्या पोटाने तारे पाहिले’ असे म्हणतात. तेव्हा तुर्की पैलवानाला मराठीत खुशाल अस्मान दाखवावे. सुमोमध्ये मात्र तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला किंवा मल्ल ४.५५ मीटर व्यासाच्या ‘दोह्यो’ या वर्तुळाबाहेर गेला, तरी तो हरतो. मंगोलियाच्या ‘ब्योख’मध्ये गुडघा किंवा कोपर टेकले की झुंज संपते. अशा ठिकाणी ‘चीतपट केले’ असे लिहिणे चूक आहे. ‘पाडले’, ‘रिंगणाबाहेर लोटले’, ‘गुडघा टेकायला लावला’ असे जे घडले ते साध्या शब्दांत लिहावे.

‘फ्रीस्टाइल’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘भर चौकात फ्रीस्टाइल’ असे छापून आले, की वाचक हाणामारी समजतो. कोणतेही नियम नाहीत असा अर्थ तेथे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात फ्रीस्टाइल ही काटेकोर नियमांची ऑलिंपिक शैली आहे. ‘फ्री’ इतक्यापुरतेच, की कमरेखाली पकड करण्याची आणि पायांचा उपयोग करण्याची तेथे मोकळीक आहे. तिच्या जोडीची ग्रीको-रोमन शैली कमरेखालची पकड पूर्ण वर्ज्य मानते. तिचे नाव प्राचीन वाटले तरी ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आली. क्रीडावृत्तात ‘मुक्त शैली’ असे लिहिले तर गोलेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलेले कांस्यपदक कोणत्या शैलीतले, हे चौकातल्या भांडणाची आठवण न होता सांगता येईल.

पुरवणी

‘पैलवान’ आणि ‘तालीम’ यांचाही उल्लेख व्हावा असे वाटते. ‘पहलवान’ हा शब्द ‘पहलव’ म्हणजे प्राचीन इराणमधील पार्थियन लोकांच्या नावावरून आला. संस्कृत ग्रंथांत ‘पह्लव’ म्हणून येतात तेच हे लोक. पार्थियन, मग वीर, मग कुस्तीगीर असा त्या शब्दाचा अर्थ सरकत गेला, आणि तुर्की ‘पेहलिवान’पासून मराठी ‘पैलवाना’पर्यंत तो एकाच अर्थाने पसरला. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’. संगीतात त्याचा उकार टिकला, लाल मातीत त्याचा ‘वस्ताद’ झाला. ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण. हिंदी-उर्दूत तो शब्द शाळेकडे गेला, मराठीत मात्र जोर-बैठका मारण्याच्या आणि हौद्यातली माती उकरण्याच्या जागेचे नाव झाला. आपल्या पूर्वजांनी त्या जागेला व्यायामाची जागा न म्हणता शिकण्याची जागा म्हटले, याचे मला फार अप्रूप आहे. इराणात अशाच जागेला ‘झूरखाना’, म्हणजे ताकदीचे घर, म्हणतात.

मंगोलियाविषयी लिहिताना एक गोष्ट विचारात घ्यावी. नादाममध्ये ठरावीक फेऱ्या जिंकणाऱ्यांना ससाणा, हत्ती, सिंह अशा पदव्या मिळतात आणि सिंहाला तेथे ‘अर्स्लान’ म्हणतात. महाराष्ट्रात १९६१ पासून आपण ‘महाराष्ट्र केसरी’ ठरवतो, आणि ‘केसरी’ म्हणजे सिंहच. त्यामुळे ‘अर्स्लान’चे भाषांतर करायचे झाल्यास ‘सिंह पदवीधारक’ असे अवघड काही न लिहिता सरळ ‘केसरी’ असे लिहावे. मराठी वाचकाला तो मान किती मोठा आहे हे त्या एका शब्दात कळेल.