सरकारी शिष्यवृत्ती: गुणपत्रिका बघून की उत्पन्नाचा दाखला बघून?

टिपकागद (धागाकर्ता)

सीईटीच्या (राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या) प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की दरवर्षी एक वाद हमखास निघतो. सरकारचा पैसा हुशार मुलांना द्यायचा की गरीब मुलांना? माझं मत आधीच सांगतो: उत्पन्न बघून द्यावा. गुणवत्ता त्या पैशाच्या दारातच तपासून झालेली असते.

आपल्याकडे ज्याला सगळे 'ईबीसी' (आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत) म्हणतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून हवा, एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ, आणि मिळतं काय, तर मुलग्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या निम्मे. मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेजने स्वतः भरायच्या जागांतून) गेलेल्याला काहीच नाही. म्हणजे सीईटीच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलांच्या पुढे, त्या आकड्यावर) जागा मिळवल्याशिवाय उत्पन्नाचा दाखला कोणी हातातही घेत नाही. मग त्याच मुलाला 'पुन्हा गुण दाखव' म्हणणं म्हणजे एकाच रस्त्यावर दोनदा टोल.

निव्वळ गुणांवरची शिष्यवृत्तीही राज्यात आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. 'राज्य शासनाची खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती': बारावीला ६० टक्के, उत्पन्नाची अट नाही. रक्कम महिना १०० रुपये, वर्षातले १० महिने. त्यासाठी लागणाऱ्या झेरॉक्स आणि सायबर कॅफेच्या चकरा वजा केल्यावर काय उरतं, ते ज्याचं त्याने बघावं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ८ लाखांच्या आतले सगळे सारखे गरीब कसे? धरा, कॉलेजचं शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. विकास शुल्क योजनेत येत नाही. २ लाख उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला ५२,५०० मिळतात आणि ७,९०,००० वाल्यालाही तेवढेच. दोघांनी भरायचे ६७,५००, वर खोली आणि मेस. पहिल्या घरासाठी ही रक्कम वर्षाच्या कमाईचा तिसरा हिस्सा आहे, दुसऱ्यासाठी अकरावा-बारावा.

म्हणून उत्पन्न हाच निकष ठेवा, पण टप्प्याटप्प्याने. अडीच लाखांपर्यंत शिक्षण शुल्काचे १०० टक्के. तिथून दर ७,५०० रुपये वाढीमागे एक टक्का कमी. १० लाखांवर शून्य.

---

कोकणकडा

गणित छान आहे, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमची सगळी इमारत उत्पन्नाच्या दाखल्यावर उभी आहे.

दाखला निघतो कसा ते बघा. नोकरदाराचा फॉर्म १६ लागतो, त्यात पै-पै दिसते. शेतकऱ्याचं आणि दुकानदाराचं उत्पन्न ठरतं तलाठ्याच्या (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी) अहवालावर आणि स्वयंघोषणापत्रावर. त्यावर तहसीलदाराची सही झाली की संगमनेरचा बागायतदार आणि जतचा कोरडवाहू शेतकरी कागदावर शेजारी-शेजारी बसतात. तुमची ७,५०० रुपयांची एकेक पायरी जिथे मोजायची तिथे पट्टीच रबराची आहे.

दुसरं, '८ लाख' हा आकडा तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. नॉन-क्रिमीलेयरच्या (ओबीसी आरक्षणासाठीच्या) उत्पन्न चाचणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणात) सगळं धरतात, शिवाय ५ एकर शेती आणि १,००० चौरस फुटांच्या फ्लॅटची अट. ईबीसीत उत्पन्न सगळं मोजतात, मालमत्ता मात्र बघत नाहीत. एकाच वर्गातली तीन मुलं तीन वेगळ्या ८ लाखांखाली बसलेली असतात आणि आपण वाद घालतो की 'उत्पन्न' हा निकष न्याय्य आहे.

गुणपत्रिकेत निदान खाडाखोड करता येत नाही. सरकारने मोजता येईल तेच मोजावं.

---

शेवटची लोकल

@कोकणकडा, गुणपत्रिका म्हणजे कोणती? २०२१ ला बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३०, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला आणि तो ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षी बारावीच्या गुणांवर शिष्यवृत्ती वाटली असती तर नेमकं काय मोजलं असतं?

सीईटी आणि नीटचं म्हणाल तर लातूरला जाऊन दोन वर्षं खोली घेऊन राहणारा आणि तालुक्याच्या ठिकाणी रिक्त पदावरच्या तासिका शिक्षकाकडून फिजिक्स शिकणारा एकाच यादीत येतात. पर्सेंटाइलमध्ये बापाची ऐपत आधीच मिसळलेली असते. उत्पन्नाचा दाखला खोटा असू शकतो हे मान्य. पण खोटेपणा पकडता येतो, पर्सेंटाइलमधला क्लासचा वाटा वेगळा काढता येत नाही.

---

फाईल क्रमांक ७

दोन्ही बाजूंनी निकषावर भांडण चाललंय. प्रत्यक्षात मुलं निकषावर कमी आणि कागदावर जास्त पडतात. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज कुठे अडतो ते क्रमाने सांगतो, म्हणजे चर्चेला जमीन मिळेल.

सगळ्यात जास्त घोळ आधारचा. खातं आधारशी 'लिंक' आहे म्हणून मुलं निर्धास्त असतात, पण पैसा जातो एनपीसीआयच्या (बँकांच्या देयक महामंडळाच्या) नोंदीत जे खातं शेवटचं जोडलेलं आहे त्यात. ते बऱ्याचदा कुठल्यातरी जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे बोट दाखवत असतं. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' करून द्या असं लेखी म्हणावं लागतं. नुसतं केवायसी केल्याने ते होत नाही.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कॅपच्या पत्रावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून विभागाकडे. कुठल्याही टेबलावरून 'सेंड बॅक' झाला तर मुलाने पोर्टल उघडून बघेपर्यंत तो तसाच पडून राहतो. मुदत संपली की संपली.

आणि उत्पन्नाच्या दाखल्याची खरी मेख तो खोटा असण्यात नाही, तो मागच्या आर्थिक वर्षाचा असतो यात आहे. जूनमध्ये वडिलांची नोकरी गेली किंवा घरातलं कमावतं माणूस गेलं, तरी जुलैतल्या अर्जावर मार्चपर्यंतचा पगारच दिसतो. सगळ्यात जास्त गरज असते त्याच वर्षी मूल कागदावर श्रीमंत. @टिपकागद, तुमच्या टप्प्यांत याला कुठे जागा आहे?

---

टिपकागद

@फाईल क्रमांक ७, जागा नव्हती, करायला हवी. कमावत्याचा मृत्यू किंवा नोकरी सुटणं अशा वेळी चालू तिमाहीचं उत्पन्न चौपट करून धरावं. पुढच्या वर्षी फरक निघाला तर पुढच्या हप्त्यातून वळता करावा.

@कोकणकडा, तीन ८ लाखांबद्दल एकदम मान्य, तिन्हींना एकच व्याख्या लावली पाहिजे. पण पट्टी रबराची म्हणून पट्टीच फेकायची? पॅन, वीजबिल, वाहन नोंदणी, सातबारावरचं क्षेत्र आणि पीकपेरा, हे सगळं सरकारकडेच आहे. दाखल्याशी ते ताडून बघा आणि विसंगत दिसतील तेवढेच अर्ज तपासा. सरसकट सगळ्यांना तलाठी कार्यालयात पाठवायची गरज नाही.

---

दूरदेशी

निव्वळ गुणांवर वाटायचा प्रयोग बघायचा असेल तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा बघा. १९९३ मध्ये त्यांनी लॉटरीच्या पैशातून 'होप' शिष्यवृत्ती काढली. शाळेत साधारण बी सरासरी, म्हणजे ४ पैकी ३.० जीपीए, असली की राज्यातल्या सरकारी कॉलेजचं शिक्षण शुल्क माफ. सुरुवातीला ६६,००० डॉलर उत्पन्नाची मर्यादा होती. वर्षभरात ती १ लाख झाली, १९९५ ला काढूनच टाकली. मध्यमवर्ग खूश, योजनेला हात लावायची कुणाची छाती नाही. पण शुल्क आणि विद्यार्थी दोन्ही वाढले, लॉटरीचा पैसा त्या वेगाने वाढला नाही. २०११ ला कात्री लागली: पूर्ण शुल्क फक्त ३.७ जीपीए आणि ठरावीक सॅट (तिथली प्रवेश परीक्षा) गुण असलेल्यांना, बाकीच्यांना अर्धवट.

उत्पन्नाची अट काढली की खर्चाला बांध राहत नाही आणि मग बांध घालायची वेळ येते तेव्हा तो गुणांच्या उतरंडीने घातला जातो. त्यात आधी कोण गळतं हे सांगायला नको.

---

कोकणकडा

जॉर्जियात उत्पन्नाची अट शून्य होती. मी शून्य म्हणत नाही, थोडा मागे येतो.

आपल्याकडेच दोन मिश्र नमुने आहेत. एक एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्कमाफीची योजना: मंजूर जागांच्या वर ५ टक्के जास्तीच्या जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि त्या रांगेत गुणवत्तेनुसार प्रवेश. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. दुसरी केंद्राची बारावीनंतरची शिष्यवृत्ती: आपापल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. तिथे बोर्डाची तुलना बोर्डाशीच होते, त्यामुळे @शेवटची लोकल यांचा आक्षेप बराच सौम्य होतो.

ईबीसीचं जुनं रूपही आठवा. २०१६ ला ती वाढवली तेव्हा अडीच लाखांपर्यंत गुणांची अट नव्हती, अडीच ते सहा लाखांत ६० टक्क्यांची होती. पुढे अट गेली, मर्यादा ८ लाख झाली. माझ्या मते ते जुनं रूपच शहाणपणाचं होतं. जितका गरीब तितकी गुणांची अपेक्षा कमी, परिस्थिती बरी असेल तर जरा करून दाखव.

---

शेवटची लोकल

टीएफडब्ल्यूएसचं कौतुक जपून करा. ८ लाखांच्या आतल्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून वरून गुण लावले, तर पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजातल्या त्या जागा साडेसात लाखवाल्या घरातली, क्लास लावलेली मुलं घेणार आणि दीड लाखवाला रांगेच्या शेपटाला. अट दोन्हींची असून निकाल गुणांचाच. रांग तरी उत्पन्नाच्या गटांत तोडा.

'करून दाखव' याला विरोध नाही, पण कधी? बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर भाषेतच जातं, एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहतो. तेव्हाच शिष्यवृत्ती काढून घेतली तर दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार? पहिल्या वर्षी फक्त हजेरी बघा, गुण दुसऱ्या वर्षापासून.

---

चतकोर

सगळी चर्चा इंजिनिअरिंगच्या फीभोवती. बीए, बीकॉमवाले कुठे गेले?

तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीएची फी काही हजारांत असते. ती निम्मी केली काय नि पूर्ण माफ केली काय, त्या मुलाचा खर्च जिथे आहे तिथे कोणी पोचतच नाही. त्याचा खर्च म्हणजे खोली, डबा, एसटीचा पास (विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, उरलेलंही दर महिन्याला रोखीने लागतंच) आणि सगळ्यात मोठा म्हणजे बुडालेली मजुरी. शुल्क प्रतिपूर्ती ही मुलाला दिलेली मदत दिसते, पण पैसा अखेर जातो खासगी कॉलेजच्या तिजोरीत. कॉलेज जितकं महाग तितकी सरकारी मदत मोठी! निकष गुण ठेवा नाहीतर उत्पन्न, रक्कम फीच्या प्रमाणात असेपर्यंत सगळ्यात गरीब मुलाला सगळ्यात कमी मिळणार.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ८ लाखांच्या आत १०० टक्के शुल्कमाफी झाली. चांगलंच झालं. पण हॉस्टेलचा प्रश्न तिथेही तसाच आहे, आणि मुलीचं शिक्षण फीपेक्षा 'राहणार कुठे' यावरच जास्त अडतं.

---

फाईल क्रमांक ७

@चतकोर, सहमत. एक पुस्ती जोडतो: निर्वाह भत्ता वर्षाच्या शेवटी जमा झाला तर तो भत्ता नव्हे, बक्षीस. मेसवाला दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे मागतो. शुल्काचे पैसे उशिरा आले तर कॉलेज निदान थांबू शकतं, तरी मूळ कागदपत्रं अडवून ठेवणारी कॉलेजं असतातच. वाणी थांबत नाही. भत्ता दरमहा आणि शुल्क वार्षिक, अशी वेगळी बिलं काढली पाहिजेत.

---

कोकणकडा

@टिपकागद, तुमचं सूत्र आता नीट करून बघितलं. १०० टक्क्यांवरून १० लाखांपर्यंत शून्यावर यायचं तर ६,२५,००० ला बरोबर ५० टक्के येतात. ८ लाखांवर जेमतेम २७. म्हणजे सव्वासहा ते आठ लाखवाल्यांना आज मिळतंय त्यातलं तुम्ही काढून घेताय. हे धाग्याच्या सुरुवातीला स्पष्ट लिहायला हवं होतं. त्या घरांत दोन पगार असतात, पण घराचा हप्ताही असतो.

---

टिपकागद

हो, काढून घेतोय. लिहायचं राहिलं नाही, मुद्दाम मागे ठेवलं होतं. कोणी हिशेब करतंय का ते बघायचं होतं :)

पण आजची कडा बघा. ८,००,००० वाल्याला ५२,५००, आणि पगारवाढीत एक रुपया जास्त मिळाला की शून्य. त्या कडेवरच दाखले 'बसवून' घेतले जातात. माझ्या सूत्रात ७,५०० रुपये जास्त कमावले तर १,०५० कमी मिळतात, म्हणजे रुपयामागे १४ पैसे. एवढ्यासाठी कोणी तहसीलच्या पायऱ्या झिजवणार नाही.

---

कोकणकडा

एक मूल असेल तर १४. दोन मुलं एकाच वेळी शिकत असतील तर २८ पैसे, आणि तुमची योजना दोन मुलांपर्यंतच. आठ लाखांच्या घरात धाकटी पहिल्या वर्षाला आणि थोरला तिसऱ्याला असेल तर त्यांचं काय? दुसरं मूल कॉलेजात असेपर्यंत घराच्या उत्पन्नातून ठरावीक वजावट द्या, मग मी तुमच्या बाजूला येतो.

---

टिपकागद

वजावट किती? दीड लाख धरली तर साडेसहा लाखांचं गणित लागतं, ४६ टक्क्यांच्या पुढे. जवळपास आजच्याइतकं. आणि मुलींच्या १०० टक्क्यांना मी हात लावत नाहीये, त्यामुळे तुमच्या उदाहरणात हा प्रश्न फक्त थोरल्याचा.