भरलेली बाटली घरी परत आली : पाणी पिण्याचे आणि न पिण्याचे अनुभव

केवडा
लेकीची पाण्याची बाटली घासायला घेतली तर हाताला जड लागली. सकाळी भरून दिलेलं पाणी जवळपास तसंच, फार तर चार घोट कमी. विचारलं तर म्हणाली, "आई, शाळेतल्या बाथरूमला कडी लागत नाही. मग मी पाणीच पीत नाही."

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. २००३ साली मीही हेच करत होते. पहिली नोकरी, सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवरची शाळा. स्वच्छतागृह होतं, पण त्यात जुनी बाकं कोंबलेली. सकाळी ७ ला घर सोडायचं, संध्याकाळच्या एसटीने परतायचं, मधे अर्धा तांब्यासुद्धा पाणी नाही. हळूहळू तहानच लागेनाशी झाली. ओठांची सालपटं निघायची, टाचांत भेगा, चेहरा कोमेजलेला. थंडी आहे, थंडी आहे म्हणत राहिले. मग लघवीला जळजळ. उन्हाळी लागली म्हणून आईने धण्याचं पाणी दिलं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत मागे ठणका. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा लघवीला जाता?" मी म्हटलं, दोनदा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पाच दिवस सलाईन होतं. आज ती बाटली हातात घेतली आणि सगळं आठवलं. तुमचेही अनुभव लिहा. मला लेकीला वाचून दाखवायचे आहेत.

सोनकी
कडीचं वाचून पोटात कालवलं गं. आधी शाळेत जा. माझं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

वऱ्हाडी_माणूस
मुतखडा. ७ मिमी. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो अन् माझं काम दिवसभर मोटरसायकलवर, गावोगाव पंप दुरुस्तीचं. पाणी सोबत न्यायचं तर उन्हात गरम होते, गरम पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून जिथं गेलो तिथं चहा. दिवसाचे आठ-नऊ कप. घामाने शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटायचे, लघवी मात्र दोनदा, तीही राईच्या तेलासारखी.

रात्री तीनला कळ आली. झोपवेना, बसवेना, फरशीवर गडबडा लोळलो. बायकोला वाटलं साप चावला. पानफुटीची पानं खाल्ली, कुळथाचं कढण प्यालो, खडा जागचा हलला नाही. शेवटी दुर्बिणीतून काढला. डॉक्टरांनी बाटलीत घालून हातात दिला. तपकिरी, अंगभर काटे, हुबेहूब सराटा. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं, बहुतेकांचा तोच असतो म्हणे. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, त्यातले क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत, तळाशी बसून त्यांचे खडे बनतात. खारं पाणी आटलं की भांड्याला पांढरं धरते, तसंच.

मला सांगितलेलं माप असं : किती प्यालो हे मोजू नका, २४ तासांत निदान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. उन्हात त्यासाठी किती प्यावं लागते ते तुम्हीच बघा. आता कॅनला ओलं किलतान गुंडाळून गाडीला बांधतो. दुपारपर्यंत पाणी गार राहते. सहा वर्षं झाली, परत खडा नाही.

ओवी_७६
मुतखड्याच्या कळा आणि बाळंतकळा दोन्ही सोसल्यात मी. मुतखडाच वरचढ. दादा, तुमचं दुःख कळलं.

रातराणी२१
मी पाणी फक्त चेहऱ्यासाठी प्यायला लागले होते. कॉलेजचं दुसरं वर्ष, गालभर पिंपल्स. कुठेतरी पाहिलं की चार लिटर प्या, महिन्यात चेहरा काचेसारखा होतो. दोन महिने प्यायले. रात्री तीनदा उठायचे, पिंपल्स होते तिथेच. आईने ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या फार छान बोलल्या. पिंपल्स तेलाच्या ग्रंथी आणि हार्मोन्समुळे येतात, पाण्याने वाहून जात नाहीत. तुझी त्वचा कोरडी पडते ती कढत पाण्याने आणि दोनदा साबण लावण्याने. पोटातलं पाणी आधी रक्ताला, मेंदूला, किडनीला जातं. त्वचेच्या वरच्या थराला बाहेरून ओल धरून ठेवायला मदत लागते. म्हणून अंघोळ कोमट पाण्याने आणि अंग ओलसर असतानाच क्रीम किंवा तेल. पिंपल्सना वेगळं मलम दिलं, त्याने गेले.

पण पाणी मी सोडलं नाही, चारवरून अडीच लिटरवर आणलं. कारण संध्याकाळी रोज कपाळ दुखायचं ते थांबलं, आणि पोट साफ होऊ लागलं. वर्षानुवर्षं मला ते दुखणं अभ्यासाचं वाटत होतं.

सोनकी
+१ ओलसर अंगाला तेल. आजी पाटावरच बसवून खोबरेल चोळायची, पंचा नंतर.

तगर
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. चार लिटर वगैरे वाचून धस्स झालं. माझे बाबा डायलिसिसवर आहेत. त्यांना दिवसभरात सगळं मिळून एक लिटर, आमटी-ताकासकट. सकाळी बाटली भरून ठेवते, आमटी वाढली की तेवढं पाणी त्यातून काढून टाकते. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात धरून डोळे मिटून बसतात, तो पुरवून पुरवून चघळतात. किडनीचा, हृदयाचा आजार असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच माप विचारा, कृपया.

केवडा
तगर, राग कसला? बरं झालं लिहिलंस. बाबांना माझा नमस्कार सांग.

वऱ्हाडी_माणूस
ताई, काकांना सांभाळा. आम्ही दिवसभर पाणी ढोसा म्हणत फिरतो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

निळावंती
टोलनाक्यावर काम केलं दोन वर्षं. आठ तासांची पाळी, बदली माणूस आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आम्ही सगळ्याजणी पाणी फक्त ओठ ओले करण्यापुरतं. सहाजणींपैकी चौघींना वरचेवर इन्फेक्शन. गोळ्या घ्यायच्या, परत व्हायचं. सोडली शेवटी.

नर्सताई_निवृत्त
निळावंती, असंच होतं बाळा. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, जंतूंना वाट छोटी. लघवी मोकळी झाली की ते धुऊन निघतात, तुंबवून ठेवली की वाढतात. २०१८ साली एक अभ्यास छापून आला होता. सारखं इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. निव्वळ पाण्याने. पण त्यासाठी जायला जागा हवी ना. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी 'राइट टू पी' चळवळ उभारली ती यासाठीच.

त्वचेचं म्हणाल तर मी एकच सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना जुलाब झालेली बाळं यायची. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. धडधाकट बाळाची झटकन सपाट होते. पाणी आटलेल्या बाळाची तशीच उभी राहते, मळलेल्या कणकेला चिमटा काढल्यासारखी. डोळे खोल, टाळू आत बसलेली, रडतं पण पाणी नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझेच हात थरथरले होते. मग ओआरएस, चमच्या-चमच्याने, दर मिनिटाला. आया म्हणायच्या, ओकतंय, कशाला पाजता? मी म्हणायची, दहा मिनिटं थांब आणि परत दे. चार तासांनी तीच कातडी झटकन सपाट व्हायची. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपं भरभरून ठेवलं आणि कॉलऱ्याची माणसं वाचवली. २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं तेव्हा मी घरी एकटीच रडले.

पाकीट नसेल तर १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

ओवी_७६
नर्सताई, हात जोडते तुम्हाला. माझा धाकटा तसाच वाचलाय.

पिंपळपान
आमच्या आजीचं वेगळंच. वय ८३, उठायला नको म्हणून पाणी टाळायची. मे महिन्यात एकदम असंबद्ध बोलायला लागली, मला माझ्या काकाच्या नावाने हाका मारू लागली. घरात सगळ्यांनी धरून चाललं की आता विसरभोळेपणा सुरू झाला. दवाखान्यात कळलं, पाणी आणि सोडियमची गडबड. दोन दिवसांत आजी जागेवर, सुनेला रागवायला लागली. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते म्हणे. आता आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की आम्ही फुलपात्र पुढे करतो. तिला पेला लागत नाही, फुलपात्रच लागतं, तेही चांदीचं, माहेरचं.

सोनकी
फुलपात्र!! किती दिवसांनी ऐकला शब्द. कुकर झाला, पण माझा अनुभव म्हणजे पिंपळपानच्या आजीसारखाच, सासूबाईंचा. त्यामुळे परत लिहीत नाही.
अवांतर : यंदा आणलेला माठ पाणी गारच करत नाही. पाझरतच नाही. काय करू?

रातराणी२१
केवडाताई, शाळेत गेलात का? केरळात २०१९ पासून काही शाळांत पाणी प्यायची वेगळी घंटा वाजते. तेही विचारा ना.

केवडा
गेले होते आज. चार पालक बरोबर होत्या. घंटेचं मुख्याध्यापकांनी लिहून घेतलं. कडी मात्र मी पिशवीत घेऊनच गेले होते, शिपाईकाकांनी लगेच बसवली. तीन दारांपैकी दोनच झाली. तिसऱ्याची चौकट खालून कुजलीये, स्क्रू धरतच नाही.
बाटली आज अर्धी रिकामी आली. उरलेल्यात तुळशीचं झालं.

वऱ्हाडी_माणूस
चौकट कुजली असंल तर कडी वरच्या बाजूला घ्या, तिथलं लाकूड सहसा चांगलं राहते. स्क्रू दोन इंची. पण पोरींचा हात पोचते का ते बघा आधी. नाही तर पत्र्याची पट्टी मारून त्यावर कडी बसवा.

ओवी_७६
सोनकी, माठ बाहेरून साबणाने धुतेस का? छिद्रं बुजतात. नुसत्या काथ्याने घास, रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि ओलं फडकं गुंडाळ.

सोनकी
साबणाने नाही गं, पण दुकानदाराने बाहेरून रंग दिलाय. लाल, वर पांढरी नक्षी.

ओवी_७६
मग तोच रंग. त्यात मोगरा लाव आता, आणि बिनरंगाचा नवा आण.