होलोबॉडी गिटारची खरखर: फ्रेट घासून घ्यावेत का?

वाळ्याची_ताटी
नमस्कार. माझ्याकडे पूर्ण पोकळ अंगाची, जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आहे. तिची घोडी, म्हणजे अंगावर तारांना आधार देणारा भाग, स्क्रूने बसवलेली नसून केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. एप्रिलच्या अखेरीस मी 12 नंबरच्या जाड तारा काढून 10 नंबरचा बारीक संच चढवला, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जाड ई तार पहिल्या पाच फ्रेटवर, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरू लागली. शिवाय ए स्वर वाजवला की अंगातून निराळीच झणझण येते. येथील एका कारागिराने दोन मिनिटे वाजवून सगळे फ्रेट घासावे लागतील असे सांगितले. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून आधी येथे विचारत आहे.

जवारी_नको
फ्रेट सध्या मुळीच घासू नका. तंबोऱ्यात जी जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी खरखर, आपण हौसेने काढतो, तिचा गिटारमध्ये त्रास होतो हे खरे. परंतु तुमच्या वर्णनावरून या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नको तिथे कानस चालते.

आधी झणझण. जाड ई तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ए तार हे दोन्ही 110 हर्ट्झचे एकच स्वर आहेत. दोन्हीकडे सारखीच झणझण येत असेल, तर दोष फ्रेटचा नसून त्या स्वराला थरथरणाऱ्या एखाद्या सुट्या भागाचा आहे. पोकळ अंगाच्या गिटारला हा आजार हमखास असतो. कोणाला तरी तो स्वर वाजवत राहायला सांगा आणि तुम्ही पिकगार्ड (अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली तबकडी), त्याची आधाराची पट्टी, घोडीचे सुटे भाग धरून ठेवणारी बारीक तार, व्हॉल्यूमच्या बटणांखालील नट, जॅकचा नट आणि किल्ल्यांच्या कड्या एकेक करून बोटाने दाबत जा. घोडी आणि टेलपीस (तारांची टोके अडकवण्याचा भाग) यांच्यामधील तारांचा तुकडाही वाजतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता खरखर. 12 नंबरचा संच मानेला जितका ओढतो तितका 10 नंबरचा ओढत नाही. मानेच्या आत असलेला ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ओढीला तोलणारी धातूची सळई, मात्र जुन्याच ओढीच्या हिशेबाने आवळलेला आहे, त्यामुळे मान सरळ होते किंवा किंचित मागे कलते आणि नेमके पहिले काही फ्रेट तारेला लागतात. त्यात आपल्याकडे मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा ठणठणीत कोरडी असते, म्हणून लाकूड आकसून त्यात भरच पडते. खात्रीसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे अंगाला मिळते तिथे, बहुधा चौदाव्या फ्रेटवर, तार दाबा आणि सातव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतचे अंतर मोजा. ते साधारण 0.20 ते 0.25 मिलिमीटर असावे. यासाठी लागणारे फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचे मापक, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते; गिटारचे म्हणून वेगळे महागडे घेण्याची गरज नाही.

अंतर कमी भरले तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेराच सैल करा, तारा पुन्हा सुरात लावा, एक रात्र जाऊ द्या आणि मग मोजा. नट जाम वाटला तर जोर लावू नका. तेवढे एक काम कारागिराकडे न्या.

संथ_स्विंग
एक पुरवणी. केवळ मोकळ्या तारा खरखरत असतील तर वरच्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा पाहा, कारण 12 नंबरसाठी कापलेल्या खाचेत 10 नंबरची तार सैल बसते. आणि अँपमधून ऐकू न येणारी किरकोळ खरखर सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

वाळ्याची_ताटी
दोघांचेही आभार. सातव्या फ्रेटवर 0.05 मिलिमीटरचे पातेही जाईना. अष्टमांश फेरा दोनदा, एका रात्रीच्या अंतराने, सैल केल्यावर 0.20 मिलिमीटर मिळाले आणि पहिल्या पाच फ्रेटची खरखर थांबली. झणझणीचे मूळ पिकगार्डच्या पट्टीच्या स्क्रूत निघाले. तो आवळल्यावर जी थोडी उरली, ती टेलपीसकडील तारांमध्ये फेल्टची पट्टी विणल्यावर गेली. आता बाराव्या फ्रेटच्या पुढे जोरात वाजवले तरच जाड तार किंचित लागते.

जवारी_नको
त्यासाठी घोडीचे जाड तारेकडील चाक थोडे वर घ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 मिलिमीटरच्या आसपास अंतर पुरते. चाक फिरवण्यापूर्वी तारा सैल करा, आणि त्याही आधी घोडीच्या पायांभोवती कागदी चिकटपट्टीने खूण करा, नाहीतर ती सरकून वरच्या फ्रेटवरचे स्वर बेसूर होतील. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, कारण दिवसा दमट आणि कूलर बंद झाल्यावर कोरडी अशी हवा तिला रोज मिळते. जुलैत पाऊस स्थिरावला की मान पुन्हा पुढे येईल, तेव्हा हेच मोजमाप परत घ्या. त्यानंतरही एखादाच फ्रेट लागत असेल, तर पोलादी पट्टीची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर टेकवून डुलते का ते पाहा आणि कारागिराला तेवढाच फ्रेट दाखवा.